तिसऱ्या कोनाड्यापर्यंत

एलुक्वातिनी
९ फेब्रुवारी २००३

चि. जोसाया यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आणि साखर दोन्ही पोचले. साखरेच्या पिशवीची गाठ तुझी नव्हती. टॅक्सीवाल्याने वाटेत चहा करून प्यायला असावा. पुढच्या वेळी पिशवी शिवून पाठव.

इकडे मका बरा आहे. माकडे कुंपणाच्या वरच्या बाजूने येतात, म्हणून मी सकाळी तिकडेच खुर्ची टाकून बसते. विधवेचे काळे कपडे अंगावर असल्याने कुठे जाता येत नाही, तेव्हा माकडांवर लक्ष ठेवण्याइतका वेळ आहे. चर्चमधल्या बायका गुरुवारी येतात, प्रार्थना करतात आणि जाताना माझ्या स्वयंपाकघरात डोकावतात. मी जेवते की नाही ते बघतात, असे म्हणतात.

वडीलधाऱ्यांनी काळे उतरवायचा विधी ऑगस्टमध्ये धरला आहे. त्या दिवशी यांचे कपडे वाटायचे असतात, म्हणून रुग्णालयातून आलेले गाठोडे मी परवा पहिल्यांदा सोडले. त्याबद्दल तुला विचारायचे आहे.

आपल्याला सांगितले गेले की हे रखवाली करत त्या जुन्या रेल्वे बोगद्याच्या खालच्या तोंडाशी, बाहेर पायवाटेवर पडलेले सापडले. तिथली माती लाल आहे. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षे आपण सगळे तिथेच रेल्वेच्या खोल्यांत राहत होतो, ती माती मला ठाऊक आहे. ती धुतली की जाते. या कपड्यांना लाल काही नाही. कोटाच्या पाठीवर आणि पँटच्या बैठकीवर काजळी आहे, भिंतीला टेकून बसल्यासारखी. जुन्या कोळशाच्या इंजिनांची ती काजळी बोगद्याच्या आतच आहे आणि ती कोणत्याही साबणाने जात नाही. त्यावरून आमची भांडणे होत, तू ऐकली आहेस.

आणि गाठोड्यात यांचा जेवणाचा डबा नाही. झाकण सैल झाले होते म्हणून दोरीने बांधलेला तो डबा. आत माझा चमचा होता.

तुझ्या दादाचा जीव गेला त्या जागेवरून त्यांना हाक मारून घरी आणायला, रीतीप्रमाणे रानबोरीची फांदी घेऊन तू गेला होतास. तू कुठे उभा राहून त्यांना हाक मारलीस आणि ती जागा तुला कोणी दाखवली, ते मला नीट लिही. फांदी घरात आली, बकरा कापला, सगळे रीतसर झाले. पण घर रिकामे आहे. मेलेले माणूस घरी आले की घर असे राहत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मी ते पाहिले आहे. हे घरी आलेले नसताना मी काळे कसे उतरवू?

तब्येतीची काळजी घे. माया आहे तशी राहू दे.

तुझी वहिनी,
लोमासोंतो


क्लिपनेक
२३ फेब्रुवारी २००३

ती. लोमासोंतो वहिनींना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. साखरेचा चोर टॅक्सीवाला नाही, मीच. पिशवी फाटली म्हणून दुसरीत ओतली आणि थोडी सांडली. तुम्ही पोलिसात असायला हव्या होतात, इकडचे अर्धे लोक तुरुंगात आणि उरलेले तुमच्या दारात जबाब द्यायला उभे असते.

इकडे बोगदा जोरात चालला आहे. शनिवारी-रविवारी फाटकावर रांग लागते. तिकिटं फाडून फाडून माझा अंगठा दुखतो. आत आता निळे, हिरवे, जांभळे दिवे लावलेत. एका नवरा-नवरीने तोंडापाशीच्या दिव्यांत फोटो काढले, नवरी जांभळी आणि नवरा हिरवा. मी म्हटलं, लग्नाआधीच आजारी दिसतोय. शाळेची पोरं आत जाऊन नुसती ओरडतात, आवाज फिरून येतो म्हणून. मी लहानपणी तिथे ओरडलो असतो तर मुकादमाने कान उपटले असते.

सगळ्यात चालतं ते काय, सांगतो. ल्वाझी म्हणून वाट दाखवणारा एक तरुण आहे, तो मधल्या वळणावर दिवे बंद करतो आणि सांगतो की इथे एक जुना रेल्वेवाला अजून फिरतो. ऐका, म्हणतो. आणि खरंच कधीकधी आवाज येतो, डब्याचं झाकण वाजल्यासारखा. बायका किंचाळतात, पुरुष हसतात आणि बाहेर आल्यावर थंड पेय विकत घेतात. बोगदा चालवणारी समिती खूश आहे.

तुमची मक्याची भाकरी आठवते. इथे पाव खाऊन पोट फुगतं. व्यवस्थापकांनी मला गणवेश दिला, टोपीवर इंजिनाचं चित्र आहे. दादाने बघितलं असतं तर आठवडाभर हसला असता.

माकडांना माझा नमस्कार. तुमची कृपा अशीच माझ्यावर असू द्या.

तुमचा,
जोसाया


एलुक्वातिनी
८ मार्च २००३

चि. जोसाया यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. साखर, दिवे, नवरा-नवरी, टोपी सगळ्यांबद्दल लिहिले आहेस. मी विचारले त्याबद्दल एक ओळ नाही. शाळेत शिकवताना मी पाहिले आहे, ज्याला उत्तर येत नाही तो वही कोरी ठेवतो आणि ज्याला उत्तर द्यायचे नाही तो समासात चित्रे काढतो. तू चित्रे काढली आहेस.

दुसरे. तो आवाज डब्याच्या झाकणाचा कशावरून? ल्वाझीला कोणी सांगितले की रेल्वेवाल्याजवळ डबा होता? आणि तो रेल्वेवाला कोण? हे जर बाहेर पायवाटेवर गेले असतील तर आत कोण फिरते आहे? मी रात्रंदिवस इथे बसून यांची वाट पाहते आहे, आणि तिकडे लोक तिकीट काढून यांचा आवाज ऐकतात आणि थंड पेय पितात, असे तर नाही ना?

माझ्या मनात आलेले लिहून टाकते, म्हणजे ते पत्रात राहील आणि माझ्या पोटात राहणार नाही. हे गेले त्या आठवड्यात बोगद्याचे उद्घाटन होते. आत रखवालदार मेला असे कळले असते तर पाहुणे आले नसते. म्हणून कोणी यांना आतून उचलून बाहेर आणून ठेवले का? आणि त्यानंतर तुला फाटकावर नोकरी मिळाली. याआधी तुला कोणी कधी न मागता नोकरी दिली होती?

मला राग नाही. पण मला जागा हवी आहे. बाकी कोणाचे काय करायचे ते देव बघेल.

जूनची थंडी सुरू होण्याआधी तुझा लोकरी सदरा घेऊन जा, उसवला होता तो शिवला आहे. माझा जीव तुझ्यावर आहे, म्हणूनच विचारते.

तुझी वहिनी,
लोमासोंतो


क्लिपनेक
१९ मार्च २००३

ती. वहिनींना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. नोकरी मला दादाच्या जागी दिली, घरातल्या एकाला घ्यायचं म्हणून. मी कोणाकडून काही घेतलेलं नाही.

व्यवस्थापकांनी सांगितलं होतं की खालच्या तोंडाशी सापडला. रुग्णवाहिकेच्या माणसानेही तेच सांगितलं. मी तिथे फांदी धरून उभा राहिलो. व्यवस्थापक म्हणाले जरा लवकर आटपा, मंडप घालायचा आहे. मी आटपलं. याच्यापेक्षा मला जास्त माहीत नाही.

ल्वाझी म्हणतो त्याचा रेल्वेवाला शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

इथे फार काम आहे. सदरा असू द्या, नंतर नेईन. लोभ ठेवा.

जोसाया


एलुक्वातिनी
२ एप्रिल २००३

श्री. अब्सलोम मागागुला यांस,
स. न. वि. वि.

तुमचा पत्ता आमच्या पाद्रीबाबांनी सीमेपलीकडच्या चर्चमधून मिळवून दिला. तुम्ही आणि आमचे हे तरुणपणी एकाच गँगमध्ये रुळांवर होता आणि शेवटी बोगद्यावर रखवालीलाही बरोबर होता. यांच्या अंत्यविधीला तुम्ही आला नव्हता. मी ते मनात धरले होते, हे लपवत नाही. नंतर कळले की बोगदा सुरू झाल्यावर म्हाताऱ्या रखवालदारांना काढून टाकले आणि तुम्ही आजारी होऊन मुलाकडे स्वाझीलँडला गेलात.

मी विधवेच्या काळ्या कपड्यात आहे, येऊ शकत नाही. म्हणून कागदावर विचारते. त्या दिवशी सकाळी हे कुठे होते? यांचा जेवणाचा डबा कुठे आहे? जोसायाकडून मला नीट काही कळत नाही. तो माझ्या हाताखाली वाढला आहे, तो खोटे लिहीत असेल तर मला कळते आणि खरे लिहीत असेल तरी कळते. या वेळी दोन्ही कळत नाही.

तुम्हालाही कोणी गप्प राहायला सांगितले असेल तर तसे लिहा. तेवढेही मला पुरेल.

तुमच्या घरी सगळ्यांना नमस्कार. जुन्या शेजाराची आठवण असू द्यावी.

लोमासोंतो शोंग्वे


न्हलांगानो
२७ एप्रिल २००३

फिनियास शोंग्वे यांच्या घरच्या बाईंस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. आजारपणाने अक्षर वाईट झाले आहे. कोणाकडून लिहून घेतले नाही कारण गोष्ट तुमच्या घरची आहे.

मला कोणी गप्प राहायला सांगितले नाही. मला कोणी विचारलेच नाही. तुम्ही पहिल्या.

फिनियास आत होता. वरच्या तोंडाकडून आत गेले की नदीच्या बाजूच्या भिंतीत कोनाडे आहेत. गाडी आली की गँगमन त्यात शिरून उभा राहायचा. तिसरा कोनाडा वळणावर आहे. तो आणि मी जुन्या दिवसांपासून तिथेच बसून जेवायचो, कारण तिथे वारा लागत नाही. सकाळी तो फाटकावर आला नाही म्हणून मी आत गेलो. तो कोनाड्यात बसला होता, भिंतीला टेकून. झोपल्यासारखा होता. गार होता.

मी त्याला पाठीवर घेतले आणि खालच्या तोंडाशी नेऊन घोंगडीवर ठेवले. तुम्ही विचाराल का हलवले. आमच्या गँगचा नियम होता. बोगद्यात माणूस पडला की आधी बाहेर काढायचा, मग बाकीचे, कारण गाडी येते. आता त्या बोगद्यातून गाडी येत नाही हे मला ठाऊक आहे. रूळ काढले तेव्हा मी स्वतः हजर होतो. पण हातांना ते कोणी सांगितले नव्हते. त्याला उचलल्यावर मी मागे वळून गाडीचा दिवा दिसतो का ते पाहिले.

रुग्णवाहिका आली. लिहून घेणाऱ्याने विचारले, मयत कुठे आहे. मी म्हणालो, हा इथे. त्याने तेच लिहिले.

मग जोसाया फांदी घेऊन आला. मी समोर मंडपाच्या खड्ड्यांपाशी होतो. तो खालच्या तोंडाशी थांबला आणि तिथेच बोलू लागला. मला कळले की जागा चुकली. पण फांदी धरलेल्या माणसाशी दुसऱ्याने बोलायचे नसते. तो ज्याला न्यायला आला आहे त्याच्याशीच बोलतो. मी शोंग्वे नाही. मी कसा बोलणार होतो? मला वाटले त्याच्या घरच्यांनी काही वेगळे ठरवले असेल, किंवा तो उद्या आत येईल. तो टॅक्सीत बसून गेला. मी आजारी पडलो. परत भेट झाली नाही. तेव्हापासून मी हे उशाशी घेऊन झोपतो.

डबा तिथेच आहे. तिसऱ्या कोनाड्यात डोक्याच्या वर एक फट आहे, तिथे आम्ही उंदरांपासून डबे ठेवत असू. मेलेल्या माणसाची वस्तू परक्याने हलवू नये म्हणून मी हात लावला नाही. त्याला न्यायला येतील तेव्हा तेही नेतील, असे वाटले. नव्या बोगद्यातून मालगाडी गेली की त्याच डोंगरातला जुना बोगदाही हलतो. झाकण वाजत असेल तर त्यामुळे. ते आमच्या वेळीही वाजायचे. तो म्हणायचा, बायकोकडे नवे झाकण मागितले तर ती विचारेल, जुने कुठे विकलेत.

तुमच्या जोसायावर रागावू नका. पण त्याला विचारा, नोकरी तिथे असून तो वळणापर्यंत कधी गेला आहे का.

म्हाताऱ्याला प्रार्थनेत धरा.

अब्सलोम मागागुला


एलुक्वातिनी
११ मे २००३

चि. जोसाया यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागागुला यांचे पत्र सोबत पाठवत आहे. वाचून झाले की परत पाठव, ते मला जपून ठेवायचे आहे.

म्हणजे कोणी काही लपवले नाही. मी तुझ्यावर, समितीवर, डब्यासाठी रुग्णालयाच्या शिपायावर आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यावर इतके महिने संशय धरून होते. त्यातल्या एकाबद्दल मात्र अजून आहे. तुझी सगळी पत्रे मी पुन्हा काढून वाचली. फाटक, रांग, दिवे, तोंडापाशी काढलेले फोटो. वळणाबद्दल लिहिलेस ते सगळे ल्वाझीच्या तोंडचे. तू त्या वळणापर्यंत गेलेला नाहीस. झाकण वाजते हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि ते कोणाचे झाकण आहे हेही तू ओळखले होतेस. पैसे घेऊन गप्प बसलास असे मला वाटले होते. तसे नाही. तू घाबरलास.

आता ऐक. घरात दुसरा पुरुष नाही आणि मी काळ्या कपड्यात त्या फाटकातून आत येऊ शकत नाही. जायचे तुलाच आहे. रानबोरीची नवी फांदी घेऊन वरच्या तोंडाने जा. तिसऱ्या कोनाड्यापाशी थांब आणि तिथे बोल. गेल्या वेळी चुकीच्या जागी हाक मारली त्याची माफी माग. डबा घे. वाटेत कोणाशी बोलू नकोस. टॅक्सीत दोन जागांचे भाडे दे, शेजारची जागा यांची आहे, ती कोणाला देऊ नकोस. नदी आली की त्यांना सांग की नदी आली.

बकऱ्याची व्यवस्था मी करते. बीअर आंबवायला घालायची आहे, म्हणून कोणत्या दिवशी येतोस ते आधी कळव.

ते तुझे मोठे भाऊ आहेत. तुला पाठुंगळीला घेऊन शाळेत नेत असत. इतकेच लिहिते. आशीर्वाद आहेतच.

तुझी वहिनी,
लोमासोंतो


क्लिपनेक
२० मे २००३

ती. वहिनींना,
शि. सा. न. वि. वि.

मागागुला काकांचं पत्र परत पाठवतोय. मी पैसे खाल्ले असं तुम्हाला वाटलं ते चाललं असतं, घाबरट म्हणालात ते लागलं. कारण ते खरं आहे. मालगाडी गेली की फाटकावर बसून मी कान झाकतो. ल्वाझीला वाटतं मला गाडीचा त्रास होतो.

दादा मला ओरडेल असं वाटायचं. एवढ्या जवळ येऊन तोंडाशीच उभा राहिलास, म्हणेल.

सात जूनला, शनिवारी येतो. बीअर घाला.

तुमच्या पायांशी,
जोसाया


एलुक्वातिनी
१५ जून २००३

श्री. अब्सलोम मागागुला यांस,
स. न. वि. वि.

हे घरी आले. तुम्हाला आधी हे कळावे म्हणून बाकी काही न लिहिता हे पहिले लिहिले.

आता बाकीचे. जोसायाने घरी आल्यावर सांगितले ते आणि मी पाहिले ते दोन्ही लिहिते. तो सुट्टी घेऊन गेला आणि आपल्याच फाटकावर दोन तिकिटे काढली. एक स्वतःचे, एक यांचे. तिकीट देणारी मुलगी त्याला म्हणाली की गड्या, तुला कुठे तिकीट लागते, आणि दुसरे कोणासाठी, शेवटी एखादी मिळाली वाटते. त्याला बोलता येत नव्हते. त्याने फक्त फांदी वर करून दाखवली. ती मुलगी आपल्याच लोकांतली होती. तिने दोन्ही तिकिटे न फाडता त्याच्या हातात ठेवली आणि उठून उभी राहिली.

आत ल्वाझी लोक घेऊन वळणावर पोचला होता आणि दिवे बंद करणार होता. जोसायाला फांदी घेऊन येताना पाहिल्यावर त्याने दिवे तसेच ठेवले. लोकांना भिंतीला लागून उभे केले आणि टोप्या काढायला सांगितल्या. परदेशी बायकांनी सांगितले नसतानाही डोक्यावरचे रुमाल काढले. जोसाया म्हणतो, फटीतून डबा काढला तेव्हा झाकण त्याच्या हातातही वाजले. तो तिसऱ्या कोनाड्यासमोर बसला आणि यांना शोंग्वे कुळाच्या मानाच्या नावाने हाक मारली. म्हणाला, म्तिमांदझे, गेल्या वेळी मी दारातूनच परत गेलो, आता आत आलोय, चल घरी, वहिनी वाट बघतेय. त्यानंतर त्याला भीती वाटली नाही. आधी वाटायची तशी तर नाहीच, असे तो म्हणाला.

टॅक्सीत एक जाड बाई त्या रिकाम्या जागेवर बसायला आली. तिने फांदी पाहिली आणि आपल्याच पिशवीवर बसून कारोलिना गावापर्यंत आली. कोणी गाणे लावले नाही. वाटेत जोसाया सगळ्यांदेखत यांच्याशी बोलत होता. नदी आली, आता चढ आहे, इथे ते जुने दुकान होते ते पाडले. जन्मात तो इतके सरळ बोलला नसेल.

घरी आला तेव्हा मी आत चटईवर होते. त्याने मागच्या भिंतीपाशी फांदी ठेवली, शेजारी डबा ठेवला आणि यांना सांगितले की पोचलो. मग माझ्याकडे वळून म्हणाला की दादाला भूक लागली असेल, मला तर लागलीच आहे. मी उठून वाढले. घर भरले होते. कसे ते मला लिहिता येत नाही, पण तुम्हाला समजेल.

डब्यात चमचा होता. तो बेपत्ता असल्याबद्दल रुग्णालयाच्या ज्या शिपायाला मी मनातल्या मनात इतके बोलले, त्याच्यासाठी कोंबडी पाठवायचा विचार आहे. कशाबद्दल ते मात्र सांगणार नाही. डबा दुसऱ्या दिवशी घासायला घेतला. काजळी निघाली नाही. या वेळी मी भांडले नाही, तसाच ठेवून दिला.

ल्वाझीने जोसायाजवळ तक्रार केली आहे की वळणावर आता काही वाजत नाही आणि लोक विचारतात. व्यवस्थापक म्हणाले आवाजाचे यंत्र लावून घेऊ. लावोत. ते यांचे नसेल.

काळे उतरवायचा दिवस नऊ ऑगस्ट ठरला आहे. तुम्ही यायचे आहे. तुमच्या मुलाला गाडी काढायला सांगा, नाहीतर जोसाया सीमेवर येऊन तुम्हाला घेऊन येईल. यांच्या बाजूची पहिली खुर्ची तुमची आहे. यांना पाठीवर घेऊन उजेडात आणणारे तुम्ही, ती जागा आणखी कोणाला देणार?

एकच सांगते, आणि हसून सांगते, फार दिवसांनी. फांदी धरलेल्या माणसाशी परक्याने बोलायचे नसते, हे मला मान्य आहे. पण पुन्हा कधी कोणी चुकीच्या जागी उभा राहिलेला दिसला, तर मागागुला, खोकायला कोणी बंदी केलेली नाही.

तब्येतीला जपा. इकडची माया आता दोघांची आहे, ती तुमच्याकडे पोचती व्हावी.

फिनियास शोंग्वे यांची,
लोमासोंतो